चमच्यावर टिकणारं अन्न

११.३ टक्के. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) देशातल्या ६ ते २३ महिन्यांच्या मुलांपैकी इतक्यांनाच ‘पुरेसा आहार’ मिळतो. चौथ्या पाहणीत (२०१५-१६) हा आकडा ९.६ होता. वाढ झाली १.७ टक्केबिंदूंची. दोन पाहण्यांमध्ये चार वर्षांचं अंतर धरलं आणि वेग हाच राहिला, तर निम्मी मुलं पुरेसं खाऊ लागायला साधारण ९१ वर्षं लागतील.

या वयोगटात देशात सुमारे ३ कोटी ४७ लाख मुलं येतात. त्यातली ३ कोटी ८ लाख या निकषाबाहेर राहतात. ती सगळी उपाशी असतात असं नाही. निकष दोन गोष्टी मोजतो. अंगावर पिणाऱ्या मुलाला आदल्या दिवशी सातपैकी किमान चार अन्नगटांतलं काही मिळालं का, आणि ते पुरेशा वेळा मिळालं का: ६ ते ८ महिन्यांच्या बाळाला दोनदा, त्यापुढे तीनदा. दोन्ही उत्तरं ‘हो’ असतील तरच मूल ११.३ मध्ये. तीनदा वरणभात खाणारं मूल या हिशेबात नापास होतं.

सुरुवातीच्या टप्प्याचा आकडा यापेक्षा बरा आहे. ६ ते ८ महिन्यांच्या ज्या बाळांना दुधासोबत घन किंवा अर्धघन अन्न मिळत होतं, त्यांचं प्रमाण ४२.७ वरून ४५.९ टक्क्यांवर गेलं. महाराष्ट्रात ते ४३.३ वरून ५२.७ झालं. म्हणजे महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक बाळांच्या तोंडात अन्न वेळेवर जातं. पण पुढे पुरेसा आहार मिळतो तो सुमारे ९ टक्के मुलांना. उष्टावण होते, वाटी मात्र भरत नाही. या दोन आकड्यांमध्ये जे हरवतं ते मोजायचं, तर देशाची सरासरी बाजूला ठेवून एका गावाच्या स्वयंपाकघरात जावं लागतं.

ते गाव कुंभकोणम. तंजावर जिल्हा, कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मधली जागा, २०११ च्या जनगणनेत नगरपालिका हद्दीतली लोकसंख्या १,४०,१५६. मराठी वाचकाला हे गाव परकं नाही. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तीन संस्थानांचं दिवाणपद सांभाळणारे सर टी. माधवराव इथे १८२८ मध्ये जन्मले, तंजावरी मराठी घरात. तमिळनाडूत मराठी मातृभाषा सांगणारे २०११ मध्ये सुमारे ८५ हजार होते, राज्याच्या लोकसंख्येच्या ०.१२ टक्के. पण कुंभकोणम निवडायचं कारण भाषा नाही, भात आहे. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात बाळाचा पहिला घास तांदळाचा असतो. महाराष्ट्रातही बहुतेक घरांत तो मऊ भाताचाच असतो. त्यामुळे इथला हिशेब तिथेही लागू पडतो.

हिशेबाचं मूळ जागतिक आरोग्य संघटनेच्या तीन आकड्यांत आहे. ६ ते ८ महिन्यांच्या बाळाला दिवसाला साधारण ६१५ किलोकॅलरी लागतात. विकसनशील देशांत आईच्या दुधातून सरासरी ४१३ मिळतात. उरतात २००. नवव्या महिन्यापासून वरच्या अन्नाचा वाटा ३०० होतो, वर्षानंतर ५५०. सातव्या महिन्यात दूध ६७ टक्के गरज भागवतं. दुसऱ्या वर्षात ३९ टक्के. सहाव्या महिन्यानंतर दूध कमी पडतं, याचा अर्थ दूध ‘पातळ होतं’ असा लावला जातो. दूध जवळपास तेवढंच राहतं. बाळ वाढलेलं असतं.

२०० किलोकॅलरी हा मोठ्या माणसाच्या दोन पोळ्यांचा हिशेब. अडचण पोटाच्या मापाची आहे. बाळाचं पोट एका वेळी वजनाच्या दर किलोमागे सुमारे ३० ग्रॅम अन्न घेतं. ८ किलोच्या बाळाचं माप २४० ग्रॅम, म्हणजे एक मध्यम वाटी, आणि तीही काठोकाठ भरून. दूधही त्याच पोटात जायचं असतं. म्हणून अन्नाच्या दर ग्रॅममध्ये किमान ०.८ किलोकॅलरी असावी असा दंडक आहे.

आता नाचणीची पेज. १५ ग्रॅम पीठ, म्हणजे दोन सपाट मोठे चमचे, १५० मिलिलिटर पाण्यात शिजवलं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या अन्नघटक कोष्टकानुसार १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३२१ किलोकॅलरी असतात. १५ ग्रॅममध्ये ४८. घनता ०.३२. या पेजेतून २०० किलोकॅलरी मिळवायच्या तर बाळाने ६२५ मिलिलिटर प्यायला हवी, पोटाच्या अडीच पटींहून जास्त. पीठ २५ ग्रॅम केलं आणि चहाचा एक चमचा (५ ग्रॅम) तूप घातलं, तर त्याच १५० मिलिलिटरमध्ये १२५ किलोकॅलरी येतात. घनता ०.८३. आता २४० मिलिलिटर पुरतं, दोन वेळांत विभागून. फरक १० ग्रॅम पिठाचा आणि एक चमचा तुपाचा.

हा फरक डोळ्यांना दिसतो, त्याला तराजू लागत नाही. चमचा तिरका केला की ०.३२ ची पेज ओघळते, ०.८३ ची चमच्यावर टिकते. तमिळनाडूत बाळाला पाजायला ‘पालाडै’ नावाचं चोचीचं छोटं भांडं वापरतात: चांदीचं, पितळेचं, आता स्टीलचं. आपल्याकडचं बोंडलं तेच. दुधासाठी, औषधासाठी दोन्ही चांगली. बाटलीपेक्षा स्वच्छ करायला सोपी असल्याने नवजात बाळांच्या कक्षांतही पालाडै वापरात आहे. पण जे अन्न बोंडल्याच्या चोचीतून वाहतं, ते ०.८ च्या खाली असतं. डाळीचं वरचं पाणी, भाताची निवळ, फळाचा रस ही सगळी मंडळी त्यात येतात. ‘पचायला हलकं’ म्हणून जे दिलं जातं ते बहुतेक वेळा फक्त हलकं असतं.

कॅलरींचा प्रश्न तुपाने सुटतो. लोहाचा सुटत नाही. भात आणि नाचणी वेगळी पडतात ती इथे.

९ ते ११ महिन्यांच्या बाळाला लागणाऱ्या लोहापैकी सुमारे ९७ टक्के वरच्या अन्नातून यावं लागतं. आईच्या दुधात लोह नाममात्र असतं आणि जन्मताना मिळालेला साठा सहाव्या महिन्याच्या आसपास संपत येतो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशीत ६ ते १२ महिन्यांच्या बाळासाठी रोज ३ मिलिग्रॅम लोह आहे. कोष्टकानुसार १०० ग्रॅम सडीक तांदळात लोह ०.६५ मिलिग्रॅम, नाचणीत ४.६२, मूगडाळीत ३.९३.

२०० किलोकॅलरी निव्वळ तांदळातून घेतल्या तर ५६ ग्रॅम तांदूळ लागतो आणि लोह मिळतं ०.३६ मिलिग्रॅम, गरजेच्या १२ टक्के. त्याच २०० किलोकॅलरी नाचणीतून घेतल्या तर पीठ लागतं ६२ ग्रॅम, लोह मिळतं २.८८ मिलिग्रॅम, ९६ टक्के. दोन भाग तांदूळ आणि एक भाग मूगडाळ हे आपल्या खिमटाचं माप घेतलं तर लोह येतं १ मिलिग्रॅम, ३३ टक्के. उलट बाजूने पाहिलं तर ३ मिलिग्रॅम लोहासाठी निव्वळ तांदूळ लागेल ४६१ ग्रॅम. त्यात १,६०० हून अधिक किलोकॅलरी असतात, बाळाच्या वाट्याच्या आठपट.

शरीरात प्रत्यक्ष शोषलं जाणारं लोह याहून बरंच कमी असतं, कारण धान्यातले फायटेट त्याला अडवून धरतात. आंबवणं, मोड आणणं आणि लिंबू-आवळ्यातलं क जीवनसत्त्व ही अडवणूक कमी करतात. या निकषावर कुंभकोणमची इडली बाळासाठी पेजेपेक्षा सरस ठरते. तीन-चार भाग तांदूळ, एक भाग उडीद, रात्रभर आंबवण; ४० ग्रॅमच्या इडलीत ५० ते ६० किलोकॅलरी. घनता १.२ च्या पुढे. तूप घालून, कोमट पाण्यात कुस्करलेली इडली चमच्यावर टिकते. हे आठव्या महिन्यातल्या बाळाचं जेवण आहे, आणि ते घरात रोज सकाळी तयारच असतं. (त्याच सकाळी घरात उकळणारी फिल्टर कॉफी लोहाच्या शोषणाआड येते, जेवणाआधी आणि नंतर तासभर ती टाळावी हा सल्ला आईसाठी आहे. बाळाच्या ओठांना कॉफीचं बोट लावायची हौस कशातच बसत नाही.)

स्वयंपाकघरातलं तांदूळ-डाळीचं प्रमाण रेशन दुकानात बदलतं. तमिळनाडूची शिधाव्यवस्था सार्वत्रिक आहे. कुटुंबाच्या आकारानुसार महिन्याला २० किलोपर्यंत तांदूळ मोफत, तूरडाळ मात्र कार्डामागे १ किलो, ३० रुपयांना. म्हणजे तांदूळ आणि डाळ २० ला १. इडलीत हे प्रमाण ४ ला १ असतं, खिमटात २ ला १. महिन्याची किलोभर डाळ दिवसाला ३३ ग्रॅम होते, साऱ्या घरासाठी. २०० किलोकॅलरीचं खिमट करायचं तर एकट्या बाळाला १९ ग्रॅम डाळ लागते. सरकारने २०२३ मध्ये रेशनवर २ किलो तांदळाऐवजी २ किलो नाचणी द्यायला सुरुवात केली, ती निलगिरी आणि धर्मपुरी या दोन जिल्ह्यांत. धर्मपुरीत नाचणी पिकते. तंजावर या यादीत नव्हतं.

तांदळाच्या बाजूने एक दुरुस्ती झाली आहे. रेशनवर पोषणमूल्यवर्धित तांदूळ आला. देशभर तो पोचवण्याची मुदत मार्च २०२४ होती. त्यात किलोमागे २८ ते ४२.५ मिलिग्रॅम लोह असावं असं मानक आहे. ५६ ग्रॅम तांदळात ते १.६ ते २.४ मिलिग्रॅम होतं. १२ टक्क्यांच्या जागी ५० ते ८० टक्के. कागदावर प्रश्न जवळपास सुटला. पण हे लोह शंभरात एक या प्रमाणात मिसळलेल्या वेगळ्या दाण्यांमध्ये असतं, आणि ‘प्लास्टिकचा तांदूळ’ समजून तेच दाणे निवडून टाकणारी घरं आहेत. बाळासाठी तांदूळ निवडताना हात जास्तच काळजीने चालतो.

आता तमिळनाडूचे राज्य पातळीवरचे आकडे, कारण त्यांत एक कोडं आहे. चौथ्या पाहणीत ६ ते ८ महिन्यांच्या बाळांना वरचं अन्न मिळण्याचं प्रमाण राज्यात ६७.५ टक्के होतं, देशात ४२.७. आघाडी २५ टक्केबिंदूंची. त्याच पाहणीत पहिले सहा महिने निव्वळ स्तनपानाचं प्रमाण राज्यात ४८.३, देशात ५४.९. इथे पिछाडी. रुग्णालयातल्या प्रसूतींचं प्रमाण तेव्हाही ९८.९ टक्के असलेल्या राज्यात हे घडतं. दोन्ही आकडे एकाच सवयीचे असावेत, असं माझं वाचन आहे. चौथ्या-पाचव्या महिन्यात वरचं सुरू झालं की एका रकान्यात राज्य मागे पडतं आणि तीन महिन्यांनी दुसऱ्या रकान्यात पुढे जातं. महाराष्ट्राने पाचव्या पाहणीत निव्वळ स्तनपान ५६.६ वरून ७१ वर नेलं, तमिळनाडू ५५.१ वर आलं.

घाईला परंपरेचा आधारही आहे. अन्नप्राशन मुलाचं सम महिन्यात, सहाव्या किंवा आठव्या. मुलीचं विषम महिन्यात, पाचव्या किंवा सातव्या. वैद्यकाचा दिवस १८० वा, दोघांसाठी एकच. पाचव्या महिन्यात उष्टावलेल्या मुलीचं अन्न महिनाभर आधी सुरू होतं, आठव्यात उष्टावलेल्या मुलाचं महिना-दोन महिने उशिरा. त्याही आधी गुटी असते. महाराष्ट्रात सहाणेवर उगाळतात ते वेखंड, हिरडा, सुंठ, जायफळ तमिळ घरांतही उगाळलं जातं. तिकडे नाव ‘उरै मरुंदु’. वेखंडाला तमिळमध्ये ‘पिळ्ळै वळर्प्पान’ असंही म्हणतात, मूल वाढवणारा. आजचे बालरोगतज्ज्ञ सहा महिन्यांच्या आत ते देऊ नका म्हणतात.

कुंभकोणमचा स्वतःचा आकडा राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मिळत नाही. पाहणीचं सर्वांत लहान एकक जिल्हा आहे. पाचव्या पाहणीत ७०७ जिल्ह्यांतली ६,३६,६९९ घरं होती. जिल्ह्यामागे सरासरी ९०० च्या आसपास. त्या ९०० घरांत ६ ते ८ महिन्यांची बाळं बोटांवर मोजण्याइतकीच सापडतात. २५ पेक्षा कमी बाळं असली की आकड्याच्या जागी तारांकन छापतात. २५ ते ४९ असली की आकडा कंसात. म्हणून ‘अमुक जिल्ह्यात बाळांचा आहार इतक्या टक्क्यांनी घसरला’ असं वाचलं की आधी कंस शोधावा.

पाहण्याही एकमेकींशी जुळत नाहीत. २०१६-१८ च्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण पाहणीत किमान स्वीकार्य आहाराचं, म्हणजे वरच्या ‘पुरेशा आहारा’चंच, देशाचं प्रमाण ६.४ टक्के निघालं, महाराष्ट्राचं २.२. त्याच राज्याचं पाचव्या कुटुंब पाहणीतलं प्रमाण सुमारे ९. दोन-तीन वर्षांत आहार चौपट झाला नाही. नमुना बदलला, वर्ष बदललं. ॲनिमियाचंही तसंच. पाचव्या कुटुंब पाहणीत ६ ते ५९ महिन्यांच्या मुलांमध्ये तो ६७.१ टक्के, चौथीत ५८.६. तमिळनाडूत ५०.७ वरून ५७.४, महाराष्ट्रात ५३.८ वरून ६८.९. पोषण पाहणीने १ ते ४ वर्षांच्या मुलांमध्ये तो सुमारे ४१ टक्के मोजला. वयोगट थोडा वेगळा, पण मोठा फरक रक्ताचा: कुटुंब पाहणी बोटाला टोचून थेंब घेते, पोषण पाहणीने शिरेतून रक्त घेतलं. बोटाच्या थेंबात ऊतीतला द्रव मिसळला की हिमोग्लोबिन कमी दिसतं. ४१ धरा किंवा ६७, आकडा लहान होत नाही.

२०२४ च्या फेब्रुवारीत ‘शून्य अन्न’ हा शब्द गाजला. ९२ देशांच्या आकडेवारीवरच्या एका अभ्यासात भारतातल्या ६ ते २३ महिन्यांच्या १९.३ टक्के मुलांनी आदल्या २४ तासांत काहीच खाल्लं नव्हतं. संख्या ६७ लाख. केंद्र सरकारने आक्षेप घेतला: आईचं दूध धरलं नाही. आक्षेप खरा होता. ‘शून्य अन्न’ गटातली जवळपास सगळी मुलं अंगावर पीत होती. पण सातव्या महिन्यात दूध ६७ टक्के भागवतं आणि वर्षानंतर ३९ टक्के, हे वर आलंच. आक्षेप मान्य केला तरी वजाबाकी तीच राहते.

निकषातही एक विसंगती आहे. सात अन्नगट असे: धान्य-कंद, डाळी-दाणे, दूधदुभतं, मांस-मासे, अंडी, अ जीवनसत्त्वाची फळं-भाज्या, इतर फळं-भाज्या. यात तेल-तूप नाही. पेजेची घनता ०.३२ वरून ०.८३ वर नेण्यात ज्याचा वाटा मोठा, त्या तुपाला या हिशेबात शून्य गुण. शाकाहारी घरात दोन गट आधीच बाद. पाचपैकी चार गाठावे लागतात. कुंभकोणमच्या घरात ते एका जेवणात बसतात: मऊ भात, पासिपरुप्पु म्हणजे आपली मूगडाळ, दही, केळं आणि शेवग्याचा पाला. शेवग्याच्या १०० ग्रॅम पाल्यात लोह ४.५६ मिलिग्रॅम, कॅल्शियम ३१४. पाला शिजवून वाटून डाळीत घालायचा. हे पदार्थ त्या घरात असतातच. बाळाच्या वाटीपर्यंत सगळे पोचत नाहीत. २००५-०६ च्या तिसऱ्या पाहणीपासून पाचवीपर्यंत अंडं खाणाऱ्या मुलांचं प्रमाण ५ टक्क्यांवरून १७ वर गेलं, तिपटीहून जास्त. डाळी-दाणे १४ वरून १७ वर. डाळीच्या देशात डाळ अंड्यापेक्षा हळू चालते.

नाचणीच्या बाबतीत सावधगिरीचा एक मुद्दा. ९६ टक्क्यांचा हिशेब पूर्ण पिठाचा आहे. आपल्याकडे बाळासाठी ‘सत्व’ काढतात: नाचणी भिजवून, वाटून, फडक्यातून गाळून, खाली बसलेला पांढरा साका वाळवायचा. तमिळ घरांतही नाचणीचं ‘पाल’, म्हणजे दूध, गाळून आटवतात. फडक्यात मागे राहतो तो कोंडा, आणि लोह व कॅल्शियमचा मोठा भाग त्यातच असतो. सत्व पिष्टमय, गुळगुळीत आणि गोरं असतं. नाचणी निवडली ती लोह-कॅल्शियमसाठी आणि गाळून टाकलं तेच. मोड आणून, वाळवून, दळलेलं आणि बारीक चाळलेलं पीठ हा याला पर्याय. मोडांमुळे तयार होणारं अमायलेज पिष्टाचे धागे तोडतं, त्यामुळे घट्ट पेज सैल होते आणि तेवढ्याच पातळपणात जवळपास दुप्पट पीठ मावतं. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास यांच्या गटाने १९८० च्या दशकात यावर काम केलं.  

तमिळनाडूच्या अंगणवाड्यांतून वाटल्या जाणाऱ्या सत्तुमावात मोडाच्या नाचणीचं पीठ असतं, सोबत गहू, मका, हरभराडाळ आणि गूळ. अन्नसुरक्षा कायद्याने (२०१३) ६ महिने ते ३ वर्षांच्या मुलासाठी ठरवलेला घरपोच शिधा ५०० किलोकॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं इतका होता. २०१७ पासून त्यासाठी दिवसाचा खर्च ८ रुपये धरला गेला. ५०० किलोकॅलरी म्हणजे ७ महिन्यांच्या बाळाच्या वरच्या अन्नाच्या गरजेच्या अडीचपट. सरकारने बाळासाठी जास्त दिलं असा याचा अर्थ नाही. पाकीट घरी गेलं की मोठं भावंडही खाणार, हे गृहीत धरलं तर आकडा समजतो. गुळाचं मात्र समर्थन अवघड. जागतिक आरोग्य संघटना दोन वर्षांच्या आत वरून घातलेली साखर नको म्हणते, आणि त्यात गूळ येतो. बाजारातल्या डब्यांची स्थिती वेगळी नव्हती: ‘पब्लिक आय’ या स्विस संस्थेने एप्रिल २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तपासणीत नेस्लेच्या भारतात विकल्या जाणाऱ्या सेरेलॅकमध्ये दर खेपेस सरासरी जवळपास ३ ग्रॅम साखर आढळली. बाळाचं अन्न घरी करण्याच्या बाजूने इतर युक्तिवाद भावनेचे असू शकतात, हा ग्रॅमचा आहे. अर्थात घरच्या वाटीत चमचाभर साखर पडली की तो ५ ग्रॅमनी हरतो. पहिल्या वर्षात मीठही नको. मध तर नकोच, त्यात बोट्युलिझमचा धोका असतो.

तमिळनाडूला हा वयोगट नवा नाही. १९८० मध्ये जागतिक बँकेच्या कर्जावर सुरू झालेल्या तमिळनाडू एकात्मिक पोषण प्रकल्पाने ६ ते ३६ महिन्यांच्या मुलांवरच लक्ष दिलं: दर महिन्याला वजन, वाढ थांबलेल्या मुलालाच पूरक आहार, तोही ९० दिवस. पाचव्या पाहणीत तमिळनाडूत खुंटलेल्या वाढीचं प्रमाण २५ टक्के होतं; देशात ३५.५, महाराष्ट्रात ३५.२. चौथ्या पाहणीत हे तिन्ही आकडे अनुक्रमे २७.१, ३८.४ आणि ३४.४ होते. तिघांत वाढ फक्त महाराष्ट्राची.

मागे जायचं तर कुंभकोणमच्या सारंगपाणी सन्निधी रस्त्यावरच्या एका घराचा हिशेब उपलब्ध आहे. गणितज्ञ श्रीनिवास रामानुजन तिथे वाढले. त्यांच्या पाठीवर १८९४ पर्यंत जन्मलेली तिन्ही भावंडं वर्षाची व्हायच्या आत गेली. १८८९ मध्ये त्यांना स्वतःला देवी आल्या. त्या वर्षी तंजावर जिल्ह्यात सुमारे ४,००० माणसं देवीने दगावली. ते वाचले. नमुना नोंदणी पद्धतीनुसार २०२० मध्ये तमिळनाडूत हजार जन्मांमागे १३ अर्भकं वर्षाच्या आत दगावली, महाराष्ट्रात १६, देशात २८. १९७१ मध्ये देशाचा आकडा १२९ होता. मूल जगवण्याचं काम बरंचसं लसींनी, प्रसूतिगृहांनी आणि पाण्याने केलं. ते वाढवण्याचं काम वाटीकडे राहिलं, आणि वाटीच्या वेळेला व्यवस्था हजर नसते. हे वेळापत्रकात दिसतं.

राष्ट्रीय लसीकरण वेळापत्रकात बाळ ६, १० आणि १४ आठवड्यांचं असताना केंद्रावर येतं. पुढची लस गोवर-रुबेलाची, नऊ महिने पूर्ण झाल्यावर. १४ आठवडे म्हणजे ९८ वा दिवस. नऊ महिने म्हणजे साधारण २७० वा. मधले १७२ दिवस लसीसाठी यायचं कारण नाही. या पोकळीचा मध्य १८४ वा दिवस. अन्न सुरू करायचा दिवस १८० वा. ज्या दिवसांत आईला पीठ किती, तूप किती, घट्ट किती हे कुणी दाखवायला हवं, नेमक्या त्याच दिवसांत तिची आणि परिचारिकेची गाठ पडत नाही. पगारी नोकरीतल्या आईची २६ आठवड्यांची रजा १८२ व्या दिवशी संपते. तमिळनाडू सरकारी कर्मचाऱ्यांना जुलै २०२१ पासून १२ महिने देतं. बाकीच्या घरांत पहिल्या चमच्यानंतर दोनच दिवसांत चमचा आजीच्या किंवा पाळणाघराच्या हातात जातो.

केंद्राने २०१८ मध्ये ही पोकळी ओळखली. लहान बालकांच्या गृहभेटींच्या कार्यक्रमात आशा सेविकेने ३, ६, ९, १२ आणि १५ व्या महिन्यात घरी जायचं असतं. पाच भेटींचा मोबदला २५० रुपये. सहाव्या महिन्यातल्या भेटीचे त्यातले ५०.